डोहाळजेवणाआधीचे दिवस

मूल तीन-चार महिन्यांचे झाले, गालांवर मांस चढले, मनगटाशी वळी पडली, की घरातील वडील बाई समाधानाने म्हणते, "बाळाने बाळसे धरले." आपल्या भाषेत यासाठी खास शब्द आहे, यावरूनच आपल्या घरांना त्याची किती आस होती हे कळते. आणि ज्या घरात हा शब्द इतक्या कौतुकाने उच्चारला जातो, त्याच घरात बाळाचे वजन करू नये, दृष्ट लागते, असेही सांगितले जाते. भाजी तोलावी, सोने तोलावे, पण मूल तोलू नये. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे ज्यांनी ही समजूत बाजूला सारून मूल तोलले, मापले, त्याच्या नाळेतले रक्त तपासले, आणि मग मागे मागे जात त्याच्या आईच्या ताटापर्यंत पोहोचले, त्यांच्या उद्योगाचा इतिहास.

हा विषय वसईत मांडावा असे आम्हांस वाटले, त्याला कारण आहे. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला नालासोपारा-विरारच्या इमारती आहेत. तेथील आईची तक्रार अशी, की मूल मैदानावर जात नाही, पुड्यातले खाते आणि दहाव्या वर्षीच पँट कमरेला बसत नाही. दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता, हे सभागृहातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एकीकडे पोट सुटलेले मूल आणि दुसरीकडे फासळ्या दिसणारे मूल. एक दुखणे सुबत्तेचे, एक दारिद्र्याचे, असे आपण धरून चालतो. शासनाची खातीही तसेच धरून चालतात. परंतु गेल्या शंभर वर्षांतील संशोधन असे सुचवते, की या दोन दुखण्यांची मुळे एकाच जागी असू शकतात. ती जागा शोधण्याच्या कामाचा मोठा भाग आपल्या दोन शेजारच्या शहरांत झाला, मुंबईत आणि पुण्यात.

आरंभ परळला होतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. ती १८८८ साली जन्मलेली, म्हणजे चाळिशीची बाई. तिला डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी बोलावून घेतले होते, आणि काम असे होते, की मुंबईच्या गरीब वस्त्यांतील, विशेषतः कापडगिरण्यांतील, स्त्रिया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून का मरतात ते शोधायचे. त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले म्हणजे तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने अवाजवी मोठ्या दिसत. लोहाने हा पंडुरोग हटत नसे. प्रथम विल्सबाईंनाही हा जंतूंचा प्रताप असावा असे वाटले. त्या काळी प्रत्येक रोगामागे जंतू शोधण्याची रीतच होती, आणि हाफकिन संस्था तर प्लेगच्या लसीमुळेच नावारूपास आलेली. जंतू सापडला नाही. मग त्यांनी चौकशी सुरू केली ती स्वयंपाकघराची. कोणत्या घरात काय शिजते, भाजी किती, फळ किती, दूध किती. ज्या घरांत भाजी-फळ कमी, तेथे हा पंडुरोग अधिक.

येथे एक गोष्ट सहज मनात येते. त्याच १९२८ च्या जानेवारीत कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. विरारपर्यंत यायला तिला १९३६ साल उजाडले. वसईच्या वाड्यांतील केळी आणि भाजी रेल्वेने मुंबईस जातच होती. टोपल्या भरभरून जात होती. ती परळच्या चाळीतल्या त्या बायकांच्या ताटात किती पडत होती, हा मात्र वेगळा प्रश्न.

विल्सबाईंनी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. गरीब बायकांचे जेवण त्यांना घातले म्हणजे तेही तसेच पांढरे पडत. अशा एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिले आणि ते सुधारले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. आमच्या जिभेला तो कधी रुचला नाही. पण स्वस्त होता, आणि औषध स्वस्त असणे ही गिरणगावात मोठी गोष्ट होती. स्त्रियांना तो दिल्यावर चार दिवसांत रक्त पालटू लागले. १९३१ साली ही हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. विल्सबाईंनी आणखी एक बारकावा टिपला होता. त्या सुमारास 'पर्निशस' नावाच्या दुसऱ्या एका पंडुरोगावर काळजाचा, म्हणजे यकृताचा, अर्क गुणकारी ठरला होता, आणि तो शोध लावणारांना १९३४ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. तोच अर्क फार शुद्ध करून या बायकांना दिला तर गुण येत नसे. ओबडधोबड, अशुद्ध अर्काने मात्र येत असे. यावरून त्यांनी ताडले, की येथे उणे आहे ते तत्त्व निराळे आहे. दोन पंडुरोग, दोन तत्त्वे, रक्तातले रूप मात्र एकच. या वाक्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

पुढची पाने भरभर उलटू. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे करण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, म्हणून ते फोलिक आम्ल. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले, तेही आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाकडून. विल्सबाईंचे तत्त्व ते हेच होते. दुसरे तत्त्व, काळजातले, १९४८ साली हाती आले, त्याचे नाव बी-१२ जीवनसत्त्व. पहिले हिरव्या पानांत विपुल असते. दुसरे कोणत्याही झाडपाल्यात नसते. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला दूध, मासे, अंडी, मांस यांतून मिळते.

या दोहोंचे नाते समजून घेतल्यावाचून पुढची कथा कळणार नाही. नवी पेशी घडवायची तर तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची नक्कल काढावी लागते, आणि त्यासाठी फोलेट लागते. पण शरीरात फिरणारे फोलेट एकदा वापरून झाले, की पुन्हा कामाजोगे होण्यासाठी त्याला बी-१२ चा हात लागतो. बी-१२ नसेल तर फोलेट असूनही अडकून पडते. रक्ताचे रूप दोन्ही पंडुरोगांत एकच दिसते ते यामुळे. शिवाय मज्जातंतूंवर जे वेष्टन असते, तारेवर असावे तसे, ते नीट राहण्यासाठीही बी-१२ हवे. गर्भात ज्या घटकेला सर्वांत वेगाने पेशी घडत असतात, त्या घटकेला या दोघांची गरज सर्वांत मोठी.

ती घटका केव्हा येते? गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती, मिटते. मिटली नाही तर मूल कण्याचे किंवा कवटीचे व्यंग घेऊन जन्मते. १९९१ साली इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने अनेक देशांत मिळून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक आम्ल दिले, तर ही व्यंगे जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी टळली. 'आधीपासून' या शब्दावर आम्ही जोर देतो. अठ्ठाविसाव्या दिवशी बहुतेक बाईला आपले दिवस चुकले आहेत की नाहीत याचीही खात्री नसते. आणि आपण डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात! चंद्रकोरीचा पाट, फुलांची वाडी, पाच-सात तऱ्हेची पक्वान्ने. फार सुंदर चाल आहे, ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण गर्भाच्या हिशेबाने पाहुणे पंगत उठल्यावर आले आहेत.

आता क्षणभर इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात जाऊ. तेथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी घरोघर जात आणि प्रत्येक मुलाचे जन्माचे वजन, ते अंगावर पिते की बाटलीवर, आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन, हे सारे जाड वह्यांत लिहून ठेवीत. त्या वह्या कोणी फाडल्या नाहीत, रद्दीत घातल्या नाहीत. सत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर या साउदॅम्प्टनच्या प्राध्यापकांना त्या सापडल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग त्यांनी काढला आणि १९८९ साली दाखवून दिले, की जन्मतः आणि वर्षाच्या अखेरीस ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे सर्वांत अधिक. हॉलंडमध्ये त्याआधीच असाच एक इशारा मिळाला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडल्यामुळे तेथे दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात होत्या, ती मुले एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा अधिक आढळला. ही नोंद १९७६ सालची. पोटात उपास घडलेले शरीर पुढे जपून ठेवायला शिकते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

हे सारे वाचून पुण्यात एक डॉक्टर सावध झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डला काम करून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात मधुमेहाचे रोगी तपासत होते. पुस्तकात लिहिलेला मधुमेही म्हणजे पन्नाशीचा लठ्ठ गृहस्थ. समोर येत होते ते तिशी-चाळिशीचे आणि दिसायला सडपातळ. पुस्तक चुकले की रोगी? त्यांनी आपल्याच रुग्णालयात जन्मलेली मुले शोधून काढली. ही मुले आठ वर्षांची झाली तेव्हा ४७७ जणांची तपासणी झाली, आणि १९९९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इन्शुलिनला दाद न देण्याची वृत्ती सर्वांत जास्त कोणात? जन्मतः लहान असून आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेल्या मुलांत. श्रोतेहो, आपल्या इमारतींत आज जे मूल भरल्या अंगाचे दिसते, त्याच्या जन्माच्या वेळचा कागद काढून पाहावा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

पण रुग्णालयात आलेले मूल हा अर्धाच पुरावा. म्हणून १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू झाले. के. ई. एम. च्या संचालिका डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम आधीच रुजवले होते. त्यांच्या नावावाचून हा इतिहास सांगता येणार नाही. बार्करांच्या साउदॅम्प्टनच्या पथकाचे, विशेषतः डॉ. कॅरोलिन फॉल यांचे, साहाय्य होते. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रिया यात सामील झाल्या. कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. खेड्यातल्या बाईला, सासूच्या देखत, हे विचारायचे आणि तिने ते सांगायचे, यात किती विश्वास लागला असेल याचा विचार करावा. शास्त्राच्या इतिहासात यंत्रांची नावे येतात, उंबरठ्यावर बसून राहिलेल्या या कार्यकर्त्यांची येत नाहीत.

त्या आयांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. मुले जन्मली ती सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. येथवर कोणालाच आश्चर्य वाटले नाही. मग जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत प्रत्येक मुलाच्या पाठीची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजण्यात आली. पोटाचा आणि दंडाचा घेर इंग्रज मुलांच्या मानाने फारच कमी होता, म्हणजे पोटातील अवयव आणि स्नायू आक्रसलेले होते. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती! सारे शरीर काटकसरीत घडले होते, पण चरबीच्या बाबतीत काटकसर झाली नव्हती. 'बारीक तरी चरबीदार भारतीय बाळ' या अर्थाने हे निरीक्षण २००३ पासून जगभर प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात एक गमतीचे छायाचित्र आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे, आकडा २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के. स्वतःलाच उदाहरण म्हणून उभे करणारा शास्त्रज्ञ आम्हांस आवडतो.

मग आईच्या ताटाकडे पाहिले. दिवसाला सुमारे अठराशे उष्मांक, म्हणजे तुटपुंजेच. परंतु बाळाच्या आकाराचा संबंध उष्मांकांशी फारसा दिसेना. तो दिसला हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी, दुधाशी. सत्तर वर्षांपूर्वी परळला सापडलेले पान पुन्हा वर आले. आणखी एक गोष्ट दिसली. शेतातले कष्ट आणि पाणी वाहणे ज्या बाईच्या वाट्याला अधिक, तिचे मूल लहान. हे सांगायला संशोधन कशाला हवे, असे कोणी म्हणेल. पण हंडा उतरवण्यासाठी पुरावा मागणारे लोकही असतात.

रक्ताची तपासणी झाल्यावर मात्र सर्वांना थांबावे लागले. फोलेटची उणीव या खेड्यांत जवळपास कोणातच नव्हती. बी-१२ ची उणीव दोन-तृतीयांश आयांत होती. मुख्यतः शाकाहार, त्यात दूध थोडे; दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते राहते. १९७० पासून आपल्या देशात गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्लाची गोळी दिली जाते, ती या बायकांनाही मिळत होती. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तो ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट चढे त्यांच्या अंगात चरबी अधिक; आणि फोलेट चढे पण बी-१२ कमी, अशा आयांची मुले इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी. हे २००८ साली छापले गेले. येथे आम्ही एक सावधगिरीची सूचना करतो. अशा पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. आणि हे ऐकून कोणी लेकी-सुनेची गोळी बंद करील तर मोठा अनर्थ होईल. मज्जानलिकेची गोष्ट आताच सांगितली आहे. प्रश्न फोलेट नको असा नाही. त्याचा जोडीदार कोठे गेला असा आहे.

त्याच वर्षी मेंदूविषयीही एक निबंध निघाला. याच मुलांपैकी, ज्यांच्या आईला बी-१२ सर्वांत कमी होते ती, आणि सर्वांत अधिक होते ती, असे दोन गट नवव्या वर्षी तपासले. आकडे ऐकून उलट्या क्रमाने म्हणणे, रंगीत वर्तुळे ठरल्या क्रमाने जोडत जाणे, असल्या सोप्या चाचण्या. पहिल्या गटाची मुले मागे पडली. फरक फार मोठा नव्हता, आणि मुलांची संख्याही थोडी, शंभराच्या थोडी वर. तरीही विचारात पाडील असा होता. कारण ही मुले शाळेत जात होती, खेळत होती, आजारी दिसत नव्हती. अशा मुलाला वर्गात आपण 'मंद' म्हणून मोकळे होतो.

मग यावर उपाय करून पाहायचा तर केव्हा? मुंबईत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्टीतील साडेसहा हजार स्त्रियांबरोबर एक प्रयोग केला. विरारची गाडी जेथून जाते त्याच पश्चिम उपनगरांतील वस्त्या. अर्ध्या जणींना रोज पालेभाजी, सुकी फळे आणि दूधपूड घालून केलेला खाऊ. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. गर्भ राहण्याच्या आधीपासून, केंद्रावर बसून, समोर खायचा. सर्वांचा हिशेब एकत्र केला तेव्हा बाळाच्या वजनात खात्रीचा फरक पडला नाही. हेही सांगितलेच पाहिजे. जे फसले ते लपवून इतिहास लिहू नये. पण ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने हा खाऊ खाल्ला होता, त्यांची मुले ४८ ग्रॅमनी अधिक भरली. ज्या बायका फारच कृश होत्या त्यांच्या बाळांना मात्र तोही लाभ झाला नाही. आणि तपासणी झालेल्यांत गरोदरपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. ४८ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. मधुमेहाचा आकडा मात्र आमच्या मते साऱ्या खर्चाला पुरून उरतो.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील मुले एव्हाना मोठी झाली होती. अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली, तर सुमारे तीस टक्क्यांची नेहमीपेक्षा चढी निघाली, मुलांत मुलींपेक्षा अधिक. आणि ही मंडळी अंगाने बारीकच होती. त्यांच्यापैकी ५५७ जणांना २०१२ पासून, लग्नाच्या आधीच, काहींना बी-१२, काहींना बी-१२ सह इतर जीवनसत्त्वे, काहींना नुसती औषधाविना गोळी, असे देण्यास आरंभ झाला. मात्रा अगदी लहान, दिवसाला दोन मायक्रोग्रॅम. त्या मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. ती मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची समज आणि बोलणे मापले, तेव्हा नुसते बी-१२ मिळालेल्या आयांची मुले औषधाविना गोळी मिळालेल्यांच्या मुलांपुढे होती. मिश्र जीवनसत्त्वे दिलेल्या गटात तसा लाभ दिसला नाही. हे कोडे अजून सुटलेले नाही.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले, मग वसईने काय खावे? आमचे उत्तर असे, की वसईने जे विकले तेच थोडे घरी ठेवावे. वाडीतला माठ, चवळई, अळू. अर्नाळ्याचा, पाचूबंदरचा बोंबील आणि जवळा. जे मासे खात नाहीत त्यांनी दूध-दही मोजून घ्यावे, सुनेच्या आणि मुलीच्या वाट्याचे आधी काढून, आणि डॉक्टरांना बी-१२ विषयी आपणहून विचारावे. मुलीच्या वाट्याचे म्हटले, कारण वेळ आहे ती तिची. सून घरात येते तेव्हाही पुष्कळदा उशीर झालेला असतो. आज आपल्या शाळांतून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांमुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तीत लोह आहे, आणि परळच्या त्या बायकांपासून सुरू झालेल्या शोधातून आलेले फोलिक आम्ल आहे. बी-१२ तीत नाही.